सुरुवातीचं गाव

"अरे, हिच्या मागं बघ ना. सेम आपलं पहिलं गाव!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात बसलेल्या तन्मयला वाटलं होतं की आपला माइक बंद आहे. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं आणि मीटिंग पुढं सरकली. मी आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, कारण खाली खोलीत रेंज येत नाही. माझ्या मागं काय दिसतंय ते मी वळून पाहिलं नाही. वळले असते, तर मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं. थोड्या वेळानं "नेटवर्क जातंय" असं लिहून मी कॅमेरा बंद केला आणि मग पाहिलं.

शेजारच्या कमलाक्काच्या पत्र्यावर वाळत घातलेली गोधडी. तिच्यापलीकडं मारुतीच्या देवळाचा कळस. त्याच्यामागं फुलावर आलेली तूर, नजर जाईल तिथवर पिवळी. आणि अगदी शेवटी हुमनाबादकडं जाणाऱ्या हायवेवरचे ट्रक, मुंगळ्यांएवढे. ट्रक सोडले तर तन्मयचं काही चुकलं नव्हतं. त्याचंच मला वाईट वाटलं, की बरं वाटलं, ते अजून ठरलेलं नाही.

तूर फुलावर आली की मला तो हिवाळा आठवतो. यंदाही ती आली आहे. परवा बसच्या खिडकीतून दिसली आणि मी हातातला फोन उलटा ठेवला.

त्या हिवाळ्यात मी एका गेमची टेस्टर होते. गेम खेळायचे पैसे मिळतात असं आमच्या घरात सांगणं अवघड होतं, म्हणून "कंपनीचं कॉम्प्युटरवरचं काम" एवढंच सांगितलेलं. मला वाटून दिलेला भाग म्हणजे गेमचं पहिलं गाव. नायक तिथं एका लहानशा घरात सकाळी जागा होतो आणि गोष्ट सुरू होते. माझं काम गोष्ट पुढं नेण्याचं नव्हतं. प्रत्येक भिंतीवर आपटून बघायचं, कुठून नायक भिंतीच्या आरपार जातो का. प्रत्येक दार उघडायचं. प्रत्येक माणसाशी पुन्हा पुन्हा बोलायचं. पुढचे डोंगर, समुद्र, राक्षस हे सगळं दुसऱ्यांच्या वाट्याला होतं. त्या गावातली प्रत्येक कोंबडी मला ठाऊक होती, पण वेशीपलीकडं काय आहे ते मी कधीच पाहिलं नाही. वेशीपाशी पोचले की माझं काम संपायचं आणि मी पुन्हा त्या घरात, त्या खाटेवर जागी व्हायची.

असल्या जवळजवळ सगळ्याच खेळांत नायक अशाच घरातून का निघतो, हा प्रश्न मला कोंबड्यांच्या मागं धावताना पडला. शांत, कुठल्यातरी कोपऱ्यातलं, लांबचं घर. सुरुवातीला वाटलं, उत्तर सोपं आहे. खेळणाऱ्याला अजून काही येत नसतं. उडी मारायला, दार उघडायला शिकायचं तर चुकलं तरी कुणी जिवावर उठणार नाही अशी जागा हवी. मग वाटलं, अशी जागा शहरातही असते की. एखादी खोली, एखादी शाळा. गावच का? आमची टीम लीड ईशा एकदा म्हणाली होती, "मागं वळून बघायला काहीतरी हवं ना गं." तेही पटलं. पण मी तर अजून गेलेच नव्हते कुठं, आणि तरी गच्चीवर बसून मागं वळून बघत होते. मग माझं काय चाललं होतं?

गेमच्या गावात बसस्टँड नव्हता. हे फार दिवसांनी माझ्या लक्षात आलं. आमच्या गावात दिवसभर कुणी ना कुणी बसची वाट बघत असतं. बसवकल्याणला दवाखान्यात जाणारं, राजेश्वरला बाजाराला जाणारं, नुसतंच बसलेलं. गेमच्या गावात कुणी कशाचीच वाट बघत नव्हतं. सगळे जागच्या जागी उभे राहून आपापलं एकेक वाक्य बोलायचे. सुताराचं एक, विहिरीवरच्या बाईचं एक. त्यावर मी हसायची, आणि तेवढ्यात खालून आईचा आवाज यायचा, "जेवलीस का?" कमलाक्का भिंतीपलीकडून, "ऊन डोक्यावर आलं, खाली ये की गं." रोज तेच. मग हसू अर्धंच राहायचं.

एके दिवशी ईशानं विचारलं, "तू किती शांत ठिकाणी राहतेस! तिथला आवाज रेकॉर्ड करून पाठवशील? आपल्या गावाला मागं लावायला." मी हो म्हटलं. मी बहुतेक वेळा हो म्हणते. मग सकाळी फोन हातात धरून गल्लीत उभी राहिले. आधी पिठाची गिरणी सुरू झाली. ती थांबेपर्यंत कुणाच्यातरी ट्रॅक्टरवर कन्नड गाणं. ते वळणावर गेलं तर भाजीवाल्या चाचांची हाक, "लेव अम्मा, ताजे बैंगनाँ!" बोअरची मोटर. देवळातला स्पीकर. आणि या सगळ्यावर कमलाक्का, तुरीत घुसलेल्या शेळीला तिच्या मालकासकट शिव्या घालत परत येताना.

"काय धरलीस हातात? माझा फोटू काढायलीस का? थांब, पदर नीट घेते."

"फोटो न्हाई अक्का. आवाज भरायलेय."

"कुनाचा?"

"गावाचा."

"गावाला तोंड हाय व्हय? तोंड हाय ते आमाला!" असं म्हणून ती एवढ्या मोठ्यानं हसली की रेकॉर्डिंगमध्ये पुढचं काही ऐकूच येत नाही.

मी तेच पाठवून दिलं. ईशाचा निरोप आला, "हे भारी आहे, पण जरा शांत मिळेल का?"

शांत. मी विचार करत बसले. ज्या गावाला बाहेरचे शांत म्हणतात त्यात राहणाऱ्यांना ते कधी शांत वाटलं असेल? आणि लांब म्हणजे तरी कुठून लांब? कलबुर्गीला इंजिनिअरिंगला होते तेव्हा बेंगळुरूच्या मुली म्हणायच्या, "तुम्ही फार वर, नॉर्थला राहता, आणि तुमचं कन्नड कसलं गं हे?" पुण्याचे म्हणतात, "कर्नाटकातली असून मराठी किती छान बोलतेस!" मी थँक्यू म्हणते. शाळेत माझं सगळं इंग्रजीत झालं, मैदानावर कन्नड, बाजारात दखनी. मराठी लिहायला मी घरी येणाऱ्या पेपरवर शिकले, आईच्या शेजारी बसून. इथून हैदराबाद जवळ, लातूर जवळ, सोलापूरही फार नाही. आम्ही कशापासूनच लांब नाही, असं मला लहानपणी वाटायचं. सगळ्यांपासून थोडे थोडे लांब आहोत हे नंतर कळलं, आणि मग दोन्ही खरं कसं असेल यात मी अडकले.

त्याच दिवसांत मी ती चूक केली. माझ्या मते ती चूक नव्हती, अजूनही नाही. गेममध्ये वेशीवर एक म्हातारी उभी असते. नायक निघाला की ती विचारते, "कुठं निघालास बाळा?" मी ते वाचलं आणि हात थांबला. आमच्याकडं बाहेर पडणाऱ्याला "कुठं" विचारत नाहीत. विचारलं तर काम होत नाही, असं मानतात. मी लहान असताना एकदा अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोटारसायकलला किक मारताना "अप्पा, कुठं चाललाव?" विचारलं होतं. ते उतरले, आत आले, चपला काढल्या, पाणी मागून प्याले, थोडं बसले आणि मग पुन्हा नव्यानं निघाले. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "कुठं म्हनू नी. लांब का, असं इचारावं." तेव्हापासून मी कधी कुणाला कुठं विचारलेलं नाही.

तर मी बगच्या, म्हणजे गेममधल्या चुकांच्या, यादीत लिहिलं: म्हातारी चुकीचा प्रश्न विचारते. गंभीरता, जास्त. पुण्यात यावर बरंच हसणं झालं. तन्मयनं हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे ओळीनं पाठवले. ईशानं मात्र फोन केला. "म्हणजे कुठं जातोय हे तुमच्याकडं कुणी विचारतच नाही?"

"विचारतात," मी म्हटलं. "पण आल्यावर."

ती म्हणाली, "तू इकडं ये. इथं, ऑफिसला. गोष्ट लिहिणाऱ्या टीममध्ये. भिंतींवर आपटायला दुसरं कुणी बघू. घरी विचार आणि सांग."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खाली येऊन तांदूळ निवडायला बसले.

पुढचे कितीतरी दिवस मी ते कुणाला सांगितलं नाही. तुरीची फुलं गळून शेंगा धरल्या. सकाळी गच्चीवर दव असायचं, लॅपटॉप उघडण्याआधी मी ओढणीनं जागा पुसायची. कधी वाटायचं, ईशानंच परत फोन करून "जागा भरली" म्हणावं. कधी वाटायचं, घरात कुणीतरी माझ्यावर ओरडावं, रेंज कायमची जावी, काहीतरी असं व्हावं की जाणं भागच पडेल. पण घरात सगळं ठीक होतं. आई माझ्यासाठी दुपारचा चहा गच्चीवर आणून ठेवायची आणि कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून वाकून परत जायची. अप्पांनी टाकीजवळ ऊन लागतं म्हणून हिरवं नेट बांधून दिलं होतं. अशा घरातून माणूस काय सांगून निघतो?

अप्पांना या घराचा अभिमान आहे, आणि तो मला कळतो. आमची मूळची मेंढरांची माणसं. अप्पांचे आजोबा मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं अफजलपूरपर्यंत जायचे, बिऱ्हाड घोड्यावर. जिथं तळ पडेल तिथं चूल. अप्पांच्या वडिलांनी हे शेत केलं, अप्पांनी हे घर बांधलं. आमच्या लोकांची गोष्ट चालण्यात सुरू झाली आणि चालत चालत या घरात येऊन थांबली. म्हणजे गेममधल्या नायकाच्या बरोबर उलटी. त्याचं जे पहिलं पान, ते आमचं शेवटचं. मग मी यातली कोण? मी या घरात सुरू झाले, पण हे घर काही सुरू होण्यासाठी बांधलेलं नाही. हा विचार मी पुष्कळदा केला आणि दर वेळी त्याच ठिकाणी अडकले, नायक भिंतीत अडकून पाय हलवत राहतो तशी.

येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करून, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली अंबील, उंडे असं जेवण. वाटेनं जाणारा ओळखीचा असो नसो, त्याला हात धरून जेवायला बसवायचं. अप्पा अंबिलीचा तांब्या घेऊन पिकाभोवती शिंपडत फिरतात आणि मोठ्यानं काही शब्द म्हणतात. ते कानडी आहेत की मराठी, हे आजवर कुणी मला नीट सांगू शकलेलं नाही. मागून म्हणणारेही तेवढ्याच मोठ्यानं म्हणतात.

त्या दिवशी मीठ घरी राहिलं होतं. ते आणायला मी एकटी गावात परत आले. गिरणी बंद. स्पीकर बंद. कुलपं. एक कुत्रं, तेही उठलं नाही. माझ्याच चपलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. ईशाला हवा होता तो आवाज हाच, हे माझ्या लक्षात आलं. मी फोन काढला, बटण दाबलं, आणि लगेच बंद केलं. रोज गच्चीवर बसून मी गेमच्या ज्या गावात हिंडायची ते असं होतं. माणसं शेतात गेलेलं गाव. भीती वाटायला काही कारण नव्हतं, पण मी मिठाची पुडी घेऊन जवळजवळ पळतच शेत गाठलं.

सगळे जेवायला बसले होते. मी टेकले तोच फोन वाजला. ईशाचा व्हिडिओ, खाली लिहिलेलं, "बघ, शेवटी जाळलं तुझं गाव! आता नायक निघाल्याशिवाय राहत नाही." आणि त्याखाली, "सोमवारपर्यंत सांग गं."

मी व्हिडिओ लावला. सुताराचं घर, विहीर, ती खाट, सगळं पेटलेलं. कोंबड्या दिसत नव्हत्या. वेशीवर म्हातारी नव्हती. नायक उभा राहून बघत होता आणि आता त्याला मागं फिरता येत नव्हतं. मी बटण दाबायला अंगठा पुढं केला, पण हा व्हिडिओ होता, त्यात माझ्या हातात काही नव्हतं.

"कुनाचं गाव गं ह्ये?" अप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते. मला कळलंच नव्हतं. "कामून पेटलंय?"

"खरं न्हाई अप्पा. गेममधलं हाय."

"खोटं का असंना. कामून जाळले?"

"जाळल्याशिवाय तो घर सोडून जात न्हाई."

अप्पांनी त्या पोराकडं नीट बघितलं. "मग ऱ्हाऊ द्यावं की घरी."

कमलाक्काला ठसका लागला. "बरोबर हाय! कुनी सांगितलंय त्येला जायला? आन् जातंय तर जातंय, गाव कामून जाळायलाय मुडद्या?"

"त्यो न्हाई जाळला अक्का, दुसऱ्यानं जाळलं."

"मग त्या दुसऱ्याला धरा की!"

सगळे हसले. आईनं माझ्या पत्रावळीवर भज्जी वाढली. अप्पा हसता हसता थांबले आणि म्हणाले, "माझा आजा दर साली जायाचा. काय पेटायचं न्हाई, काय न्हाई. मेंढरं उठली की उठायचं. मागं ऱ्हायलेली म्हातारी इचारायची, कवा येनार? त्यो म्हनायचा, गवत हाय तवर." मग समोरच्या तुरीकडं बघत, "लई हिंडले बिचारे. आता बरं हाय आपलं."

त्यांना गोष्ट तिथं संपवायची होती. ते हात धुवायला तांब्याकडं वळलेही होते. पण माझ्या डोक्यात ती मेंढरं उठून उभी राहिली. त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. गवत अजून पायाखाली असतंच, थोडंफार. तरी एक उठतं आणि मग सगळी उठतात. त्या आजोबांना कुणी कारण विचारलं असतं, तर त्यांनी काय सांगितलं असतं? मला माहीत नाही. मला स्वतःचंही माहीत नव्हतं. पुणं मला आवडेल की नाही, तिथं मी बोलेन का, की तिथंही कॅमेरा बंद करून बसेन, यातलं काहीच नाही. उन्हात अंबिलीच्या आंबट वासानं डोकं हलकं झालं होतं. फोन मांडीवर तसाच, गाव अजून पेटलेलं. मी तो उलटा केला.

"अप्पा," मी म्हटलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा आला. "मला पुण्याला बोलावलंय. कामाला. तिथंच ऱ्हायला."

आईचा हात पातेल्यात थांबला. अप्पांनी तांब्या खाली ठेवला आणि परत येऊन माझ्यासमोर बसले, ओल्या हातांनी.

"रेंजचं म्हन्तीस का? गच्चीवर खोली बांधू. मी कवाचं मनात धरलंय."

"रेंज येतीय अप्पा."

"कुनी काय बोललं? आई काय म्हनली का?"

"मी काय म्हनले हिला!" आई म्हणाली.

"न्हाई, कुनीच काय बोललं न्हाई."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. कोपीत हरवलेली एखादी वस्तू शोधावी तसे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, आणि ते तिथं नव्हतं, कारण मलाही ते सापडलेलं नव्हतं.

"मग कामून बाई?" ते हळूच म्हणाले. "हितं काय कमी हाय तुला?"

मी तुरीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. एखादं कारण रचून सांगणं सोपं होतं आणि त्यांनी ते मानलंही असतं.

"काईच कमी न्हाई, अप्पा," मी म्हटलं. "तरीबी मी जायलेय."